रंगभूषेंतील कृत्रिम त्वचा

कांहीं वर्षांपूर्वीं, प्रस्तुत लेखक वऱ्हाडांतीलच दुसऱ्या एका गांवीं शिक्षक असतांना, तेथील स्नेहसंमेलनांत इयत्ता नववीच्या एका मुलास म्हाताऱ्या हकिमाचें काम दिलें होतें. बांकदार नाक आणि भरघोस दाढी यांवांचून हकीम शोभत नाहीं, अशी आम्हां सर्वांची समजूत. नाक कणकेचें केलें. दाढीसाठीं स्पिरिट गमची बाटली पाहूं लागलों तों ती रिकामी; तेव्हां जोडे दुरुस्त करण्याच्या दुकानांतून तळ चिकटविण्याचें सोल्यूशन आणून तेंच हनुवटीस लाविलें. नाटक सुरू झालें. दिव्यांच्या उष्णतेनें कणीक सैल झाली, आणि हकीम नाडी पाहण्यासाठीं वांकतांच त्याचें नाक रोग्याच्या छातीवर पडलें. लोक पोट धरधरून हंसले, आम्हीही हंसलों. पण प्रयोग संपल्यावर दाढी निघेना. ती ओढून काढली, आणि तिच्याबरोबर हनुवटीची कातडीही आली. मुलानें तोंडांतून ‘हूं’ कीं ‘चूं’ काढिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. ते रागावले नाहींत, त्यांनीं एवढेंच विचारिलें, “गुरुजी, हे पोराच्या तोंडाले लावाच्या आंधी तुम्ही आपल्या हाताले लावून पाह्यलं होतं का?”

पाहिलें नव्हतें. मुलाच्या हनुवटीवर तो डाग पुढें कित्येक महिने होता.

त्या प्रश्नानें लेखकास या विषयाच्या मागें लाविलें. हा लेख लिहिण्यास दुसरेंही एक निमित्त आहे. आपल्या चिखलीच्या मुलांना चित्रपट आतां घरबसल्या हातांतल्या मोबाईलवर दिसतो. तेथें तरुण नट पाहतां पाहतां ऐंशीं वर्षांचा म्हातारा होतो, कोणाच्या कपाळावर ताजी जखम उमटते, कोणाचें तर नाकच बदलतें. हें कसें करितात, असें मुलें विचारितात. आणि सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यांत असल्यामुळें दर जानेवारींत कोणी मावळा, कोणी लखूजी जाधव होण्याच्या तयारींत असतोच. मुलें नुसतें विचारून थांबत नाहींत, करूनही पाहतात. तेव्हां जाणते लोक हें काम कसें करितात, तें सांगून टाकलेलें बरें.

आपल्याकडे रंगभूषा ही नवी विद्या नव्हे. नाटकमंडळ्यांच्या रंगपटांत व तमाशाच्या फडांत सफेदा, हिंगूळ, काजळ आणि मुरदाडशिंग यांवर पुष्कळ भागत असे. (मुरदाडशिंग शिशापासून होतें व शिसें विषारी आहे, तेव्हां सोंगापायीं कातडीची हेळसांड आम्हींच प्रथम केली असें नाहीं. अर्थात् त्यानें आमचा दोष कमी होत नाहीं.) परंतु रंगास एक मर्यादा आहे. रंगानें सावली काढितां येते, उंचवटा काढितां येत नाहीं. गालावर तपकिरी रेघ ओढिली कीं वीस हातांवर बसलेल्या प्रेक्षकास ती सुरकुती वाटते. चित्रपटाचा कॅमेरा मात्र नटाच्या नाकाशीं येऊन उभा राहतो आणि बाजूनेंही पाहतो. नटानें मान वळविली म्हणजे खऱ्या सुरकुतीची सावली सरकते. रंगानें काढलेली रेघ होती तशीच राहते, आणि सोंग तेथेंच उघडें पडतें. ज्याला खरा उंचवटा पाहिजे त्याला तो चेहऱ्यावर बसवावाच लागतो. अशा बसविलेल्या तुकड्यास या धंद्यांत ‘प्रॉस्थेटिक’ म्हणतात.

महाराष्ट्रांत या विद्येची गोष्ट निघाली कीं विक्रम गायकवाड यांचें नांव निघतें. ‘बालगंधर्व’ हा मराठी आणि ‘द डर्टी पिक्चर’ हा हिंदी, अशा २०११ सालच्या दोन चित्रपटांच्या रंगभूषेबद्दल त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ च्या ‘बेल बॉटम’मध्यें त्यांनीं लारा दत्ता या नटीस इंदिरा गांधींचें रूप दिलें, चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली तेव्हां ही लारा दत्ता आहे हें पुष्कळांना दुसऱ्यानें सांगावें लागलें. गायकवाड १० मे २०२५ रोजीं मुंबईस निवर्तले. कोंकणांतील एका गांवाचें नांव घेतलेल्या २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटांत तर मोहम्मद समद या एकाच मुलानें नायकाच्या मुलाचें आणि शापित म्हाताऱ्या आजीचें, अशीं दोन्ही कामें केलीं. उलट ‘पा’ या २००९ च्या चित्रपटांत साठी उलटलेले अमिताभ बच्चन बारा वर्षांचा, रोगामुळें अकालीं जरठ झालेला मुलगा बनले. ती रंगभूषा क्रिस्टियन टिन्स्ली व डॉमिनी टिल या परदेशी कारागिरांची होती.

आतां हा तुकडा कशाचा करितात तें पाहूं. पूर्वीं तो रबराच्या चिकापासून केलेल्या फेंसाचा, म्हणजे स्पंजासारखा असे. तो हलका असतो, परंतु प्रकाश त्यांतून जात नाहीं; म्हणून त्यावर कितीही रंग चढविला तरी तो निर्जीव दिसण्याची भीति असते. आपली त्वचा तशी नाहीं. रात्रीं विजेरी पेटवून तिच्या कांचेवर तळहात दाबून धरा. बोटांच्या कडा तांबड्या उजळतात. प्रकाश त्वचेच्या आंत शिरतो, रक्तामांसांतून फिरतो, आणि लालसर होऊन बाहेर येतो. चेहऱ्याचें तेज म्हणून आपण जें म्हणतों त्यांतला पुष्कळ भाग हाच आहे. सिलिकोन हें द्रव्य थोडेंसें असेंच वागतें. वाळूंत असणारें सिलिकॉन हें मूलद्रव्य आणि प्राणवायु यांच्या लांब सांखळीला सेंद्रिय अंश जोडून तें बनतें. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या द्रव्यांचा अभ्यास करून त्यांना हें नांव दिलें. यांतून व्यवहारोपयोगी असें कांहीं निघेल असें त्यांना स्वतःलाही वाटलें नव्हतें. रंगभूषेचें सिलिकोन दोन बाटल्यांत येतें. दोन्ही सारखीं घेऊन मिसळलीं कीं प्लॅटिनमच्या अत्यल्प अंशामुळें तें घट्ट होऊं लागतें. हें प्लॅटिनम फार नाजूक प्रकृतीचें आहे. गंधकाचा स्पर्श झाला तर सिलिकोन घट्ट होतच नाहीं, चिकट राहतें; म्हणून मूर्ति घडवावयाची माती गंधकरहित घ्यावी लागते, आणि रबराचे हातमोजेसुद्धां वर्ज्य असतात. सिलिकोन ओतण्यापूर्वीं त्यांत त्वचेचा रंग आणि तांबड्या-निळ्या लोंकरीचा अगदीं बारीक भुगा मिसळितात. शिरा व रक्त यांचा भास आंतूनच व्हावा हा हेतु.

तुकडा करण्यापूर्वीं नटाच्या चेहऱ्याचा ठसा घेतात. दांतांचे वैद्य कवळीसाठीं जें समुद्रशेवाळापासून झालेलें अल्जिनेट वापरितात, तेंच चेहऱ्यावर थापून वर प्लॅस्टरच्या पट्ट्या बसवितात. नाकपुड्या अर्थातच मोकळ्या ठेवितात, आणि एक माणूस केवळ त्यांवर लक्ष ठेवून बसतो. त्या ठशांत प्लॅस्टर ओतलें कीं नटाचें तोंड टेबलावर येतें. त्यावर मातीनें नवें नाक, नव्या सुरकुत्या, लोंबते गाल, अगदीं रंध्रांसकट घडवावयाचे. मग त्या मातीच्या कामाचा सांचा घ्यावयाचा, माती काढून टाकावयाची, आणि ती गेल्यानें राहिलेल्या पोकळींत सिलिकोन भरावयाचें. लिहावयास चार ओळी लागल्या. करावयास कित्येक आठवडे लागतात.

परंतु वाचकहो, या सर्व खटाटोपांत सोंग जिंकतें किंवा हरतें तें नाकावर नव्हे, तर नाक जेथें संपतें त्या कडेवर. माणसाच्या डोळ्यास वेडेंवांकडें नाक खपतें. जगांत तशीं नाकें पुष्कळ आहेत. पण चेहऱ्यावर सुरू होऊन मध्येंच संपणारी रेघ त्यास खपत नाहीं. केसाएवढी पायरी राहिली तरी ती दिव्याखालीं सावली टाकते. म्हणून सांगावयाचें तें मुख्यतः या कडेविषयीं.

येथें एक अडचण आहे. सिलिकोनला सिलिकोनवांचून सहसा कांहीं चिकटत नाहीं. डिंक नाहीं, रंगही नाहीं. यावर कारागिरांनीं मोठी नामी युक्ति काढिली आहे. सांच्यांत प्रथम अल्कोहोलमध्यें विरघळणाऱ्या एका प्लॅस्टिकचा अतिशय पातळ थर फवारितात, मग सिलिकोन भरितात, आणि पाठीमागूनही तसाच थर देतात. म्हणजे आपली पुरणपोळीच झाली. पुरण सिलिकोनचें, पारी प्लॅस्टिकची. फरक इतकाच कीं स्वयंपाकघरांत पुरण कांठापर्यंत गेलें तर करणारीचें कौतुक होतें, आणि येथें तें कांठापर्यंत जातां कामा नये. कांठाकडे सिलिकोन निमुळतें होत होत संपतें व त्यापुढें नुसत्या पारीची कागदाहूनही पातळ झालर उरते. ही झालर पुढें नाहींशी करावयाची असते.

लावण्याच्या आदल्या दिवशींच कामास आरंभ होतो. जो डिंक व जे रंग वापरावयाचे त्यांचा एक एक ठिपका नटाच्या कोपराच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहतात. खाज, लाली, पुरळ, यांतलें कांहीं उठलें तर तो पदार्थ बाद. त्या मुलाच्या वडिलांनीं विचारिलेली गोष्ट ती हीच. ती या धंद्याची पहिली पायरी आहे हें आम्हांस फार उशिरां कळलें.

दुसऱ्या दिवशीं नटाचा चेहरा धुऊन, तेल व घाम पुसून कोरडा करितात. मग तुकडा डिंकावांचून नुसता चेहऱ्यावर धरून पाहतात. नाकाचा मध्य नाकावर, डोळ्याचा कोपरा डोळ्याच्या कोपऱ्यावर आहे ना? डिंक बहुधा दुधासारखा पांढरा असतो, आणि वाळला कीं पारदर्शक होतो. त्यामुळें तो केव्हां तयार झाला हें डोळ्यांनींच कळतें. तो प्रथम मध्यभागीं लावितात. नाकाचा तुकडा असेल तर नाकाच्या दांड्यावर, गालाचा असेल तर गालाच्या उंचवट्यावर तुकडा टेंकवून घट्ट होऊं देतात, आणि तेथून बोटभर बोटभर बाहेर सरकतात. कड अगदीं शेवटीं. घाई करणारा मनुष्य आधीं कडा चिकटवितो. मग मध्यें हवा राहते, आणि नट हंसला कीं गालावर फुगा येतो. तुकडा ताणावयाचा नाहीं, हा दुसरा नियम. ताणलेलें सिलिकोन परत आंखडतें आणि कड उचलून घेतें. आणि कड शक्यतो तेथें ठेवितात जेथें चेहऱ्यावर निसर्गानेंच रेघ काढिली आहे: नाकपुडीच्या खांचेंत, नाकापासून ओंठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या वळींत, केसांच्या मुळांशीं. चांगला कारागीर मातीचें काम करितांनाच हें ठरवून ठेवितो.

सर्व कड चिकटली कीं झालरीचा समाचार. बारीक कुंचला अल्कोहोलमध्यें बुडवून, पुसून, केवळ ओलसर ठेवून झालरीवरून तुकड्याकडून त्वचेकडे हलकेच फिरवितात. पारी विरघळते, पातळ होत होत त्वचेवर पसरते, आणि कोठें संपली तें दिसेनासें होतें. कुंचला अधिक ओला झाला तर भोंक पडतें व आंतलें सिलिकोन उघडें होतें. मग त्यावर रंग बसत नाहीं आणि रडत बसण्याची पाळी येते. कांहीं प्रकारच्या पारीस अल्कोहोल पुरत नाहीं, ॲसिटोन लागतें. तें डोळ्यांजवळ नेत नाहींत. इतकें करूनही कोठें पायरी राहिलीच, तर त्याच डिंकांत बारीक पूड कालवून केलेली लांपी तींत भरितात, आणि खडबडीत स्पंजानें ठोकून तिच्यावर रंध्रांसारखे खळगे उठवितात. सपाट कड जितकी लपवावी तितकी दिसते. तिच्यावर त्वचेचा खडबडीतपणा आला म्हणजे डोळा तिला सोडून देतो. परीक्षा अशी कीं दिवा समोर न धरितां एका बाजूनें धरावयाचा, आणि नटास हंसावयास, चावावयास, भुंवया चढवावयास सांगावयाचें.

रंगाच्या बाबतींत एक चूक सर्वत्र दिसते. तुकडा वेगळा दिसतो म्हणून त्याला आणि चेहऱ्याला एकाच डब्यांतला एकच रंग फांसतात. तेणेंकरून दोन्ही सारखे दिसतात खरे, पण भिंतीसारखे. आपल्या त्वचेचा रंग एक नसतो. आपल्याकडे उन्हांत वावरणाऱ्या शेतकऱ्याचें कपाळ, डोळ्यांभोंवतालचा भाग, ओंठांची कड आणि गळा हीं सर्व वेगवेगळ्या छटांचीं असतात. म्हणून जाणता रंगभूषाकार अल्कोहोलमध्यें कालविलेले पाण्यासारखे पातळ रंग घेतो. प्रथम तांबूस डाग, त्यांवर हिरवट-निळसर, त्यांवर तपकिरी. कुंचल्याचे राठ केस बोटानें उडवून बारीक शिंतोडे. प्रत्येक थर असा कीं खालचा त्यांतून दिसावा. हे शिंतोडे तुकड्यावरून सुरू होऊन कडेला न जुमानतां खऱ्या त्वचेवर जातात. शेवटीं चकाकी मोडण्यापुरती पावडर.

आमच्याकडच्या उन्हाळ्याचा मात्र या कलेशीं उभा दावा आहे. सिलिकोनमधून घाम बाहेर पडत नाहीं. तो खालीं सांचतो आणि डिंक सोडवितो. चित्रीकरण चालू असतांना रंगभूषाकार सुईनें बारीक छिद्र करून घाम दाबून काढितो आणि छिद्र पुन्हां बुजवितो. वैशाखांत चिखलीच्या पत्र्याखालीं हें करूं जाल तर नाक हकिमाच्या मार्गानेंच जाईल.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशासाठीं, खोट्या चेहऱ्यासाठीं ? त्यानें हें लक्षांत घ्यावें कीं हाच तुकडा, हीच कड, रुग्णालयांतही लागते. पहिल्या महायुद्धांत ज्या शिपायांचे चेहरे तोफेच्या गोळ्यांनीं उध्वस्त झाले त्यांच्यासाठीं ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनीं पॅरिसमध्यें तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे करून, रंगवून दिले. आज तें काम सिलिकोननें होतें. तंबाखू-गुटख्याच्या कर्करोगानें ज्याचा जबडा व गाल गेला, २०२१ च्या काळ्या बुरशीच्या साथींत ज्याचा डोळा काढावा लागला, अपघातांत ज्याचा कान तुटला, त्यांच्यासाठीं दंतवैद्यकीय महाविद्यालयांतील कृत्रिम अवयवांच्या विभागांत अशीं अंगें करितात. तेथेंही कड पातळ करावी लागते, आणि डोळ्याच्या तुकड्याची कड पुष्कळदां चष्म्याच्या चौकटीखालीं लपवितात. फरक आहे तो असा कीं नटाचें सोंग संध्याकाळीं उतरतें. त्या रोग्याला मात्र तें रोज सकाळीं लावून बाजारांत, लग्नांत, शाळेंत मुलाला पोंचवावयास जावयाचें असतें. कोणीही वळून पाहूं नये, एवढीच त्याची इच्छा.

विद्या कोठून सुरू होते याचें एक उदाहरण मुलांसाठीं देतों. जपानांतील क्योटो येथील काझुहिरो त्सुजी या शाळकरी मुलानें एका मासिकांत अमेरिकेंतील डिक स्मिथ यांनीं केलेली अब्राहाम लिंकनची रंगभूषा पाहिली, आणि तशी करून पाहून त्या गृहस्थांना पत्र धाडिलें. स्मिथ यांनीं उत्तर दिलें, दोष दाखविले, आणि पुढें त्यास शिकविलें. या मुलानें मोठेपणीं ‘डार्केस्ट अवर’ या चित्रपटांत गॅरी ओल्डमन या सडपातळ नटास चर्चिल केलें, आणि २०१८ सालीं त्याबद्दल दोन सहकाऱ्यांसह त्यास ऑस्कर पारितोषिक मिळालें.

तेव्हां मुलांनीं करून पाहूं नये असें प्रस्तुत लेखक म्हणणार नाहीं. परंतु पालकांनीं दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. हार्डवेअरच्या दुकानांत फरशीच्या सांधी बुजविण्यास सिलिकोनची नळी मिळते. तिचें नांव तेंच असलें तरी ती ही वस्तु नव्हे. ती घट्ट होतांना पुष्कळदां शिर्क्याचा उग्र वास येतो, म्हणजे तिच्यांतून आम्ल सुटत असतें. ती चेहऱ्यास कदापि लावूं नये. शाळेच्या नाटकासाठीं खाण्याच्या जिलेटिनचें नाक पुरे. तें थोड्या पाण्यांत भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवून वितळवितात, आणि सांच्यांत थंड होऊं देऊन मगच चेहऱ्यावर नेतात. कढत ओतावयाचें नाहीं. तें उन्हांत पाझरतें खरें, पण चेहऱ्यास फार त्रास न देतां कोमट पाण्यानें निघतें. त्याचीही परीक्षा आदल्या दिवशीं हातावर करावी.

राहतां राहिलें काढणें. लावण्यास तीन तास लागले तर काढण्यास एक तास द्यावा असा या लोकांचा रिवाज आहे, आणि तो तास नटासही कंटाळवाणा वाटतो. तेलासारखें एक द्रव्य कुंचल्यावर घेऊन कडेच्या एका टोंकाखालीं सोडितात. डिंक मऊ होतो, कड आपोआप उचलते, कुंचला आणखी आंत जातो. ओढावयाचें नाहीं. जेथें अडलें तेथें थांबून पुन्हां तेल. मग कोमट पाणी व साबण, आणि वर मलम. तुकडा सबंध निघाला तरी त्याची झालर विरघळून गेलेली असते. म्हणून तो टाकून देतात, आणि दुसऱ्या दिवशींच्या चित्रीकरणासाठीं त्याच सांच्यांतून काढलेला नवा तुकडा टेबलावर तयार ठेविलेला असतो.